गाडी उघडली की डोकं फिरतं, मग ही साधना कसली?

पत्र बरंच लांब होतं, ओळख पटेल असं सगळं काढून टाकून थोडक्यात देते.

लिहिणारा ३४ वर्षांचा, पुण्यात आयटीमध्ये. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, २९ वर्षं नोकरी करून रिटायर झाले आणि आता मुलाकडेच राहतात. घरात वडिलांची १९९९ सालची स्प्लेंडर आहे. गेल्या वर्षी ऑफिसच्या ताणाने याची झोप उडाली, काउन्सेलरने सुचवलं की हाताने करण्यासारखं काहीतरी शोध, त्याच सुमारास हा गीतेच्या एका ऑनलाईन वर्गाला बसायला लागला होता, मग दोन्हींची सांगड घालून याने ठरवलं की बाबांची गाडी आपण स्वतः मेंटेन करायची आणि ती कर्मयोग म्हणून करायची. दर रविवारी, फोन बंद, उदबत्ती लावून, एकेक नट मन लावून. चार महिने झाले. हत्यारांवर बावीस हजार गेले. मन शांत होण्याचं सोडाच, गाडी उघडली की याचं डोकं फिरतं. मागच्या महिन्यात ऑईल बदलताना ड्रेन बोल्ट (जुनं ऑईल खाली सोडायचा बोल्ट) इतका आवळला की आटे गेले, नवीन ओतलेलं ऑईल पार्किंगभर झालं, तेवढ्यात पाच वर्षांची मुलगी बघायला आली तर तिच्यावर असा ओरडला की ती अजून गाडीजवळ फिरकत नाही. बायको म्हणते विकून टाक, इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ. वडील म्हणतात, "हात काळेच करायचे होते तर तुला इंजिनियर कशाला केला?" याचे प्रश्न दोन. माझं नेमकं काय चुकतंय? आणि गाडी ठेवू का विकू?

तुला 'तू' म्हणते, चालेल ना, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे आणि त्याचीही गाडी कायम अर्धी उघडलेलीच असते.

आधी ड्रेन बोल्टबद्दल बोलू. गीता कुठं पळून जात नाही.

तो बोल्ट लोखंडी, आणि तो ज्यात बसतो ते इंजिनचं खालचं अंग ॲल्युमिनियमचं. दोघांची कुस्ती लागली की मऊ असेल तो हरतो, म्हणजे दरवेळी इंजिनच हरतं. नवीन शिकणारे बहुतेक जण हा बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळतात, त्यामुळे तू काही जगावेगळं पाप केलेलं नाहीस. आवळतात कारण डोक्यात एकच भीती असते, गळलं तर? म्हणून अजून अर्धा फेर, मग "राहू दे, आता पक्कंच करू" म्हणून अजून पाव, आणि मग पाना एकदम हलका होतो आणि पोटात गोळा येतो. पण ऑईल अडवतो तो वॉशर, तुझा दंड नाही. दर वेळी नवा वॉशर टाकला, बोल्ट आधी बोटांनी तीन-चार आटे फिरवून सरळ बसलाय ना ते बघितलं, आणि मग पाना लावला, तर बेताने आवळूनही थेंब येत नाही. बोटांनी फिरत नसेल तर तो वाकडा बसतोय, तिथंच थांबायचं, उलटा काढायचा आणि परत लावायचा. आणि हो, त्या बावीस हजारांत टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना, आहे का रे? पत्रात सगळी यादी आहे, एलईडीचा हेडलॅम्प आहे, चुंबकाची वाटी आहे, ती मांडी घालून बसायची चाकांची पाटीसुद्धा आहे, पण टॉर्क रेंच मला दिसला नाही. किती आवळायचं त्याचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तो आकडा हाताला कळायला मेकॅनिकला वर्षं जातात, आपल्याला तेवढी नाहीत तर रेंच घ्यावा.

हे सगळं आधी सांगितलं कारण तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट या बोल्टमध्येच आहे. तू लिहिलंयस की तू फळाची आशा सोडून काम करतोस, गाडीचं मायलेज वाढो न वाढो, पैसे वाचोत न वाचोत, मला काही पडलेलं नाही. बरोबर, ते तू खरंच सोडलंयस, मला पटतं. पण एक फळ तू घट्ट धरून बसलायस आणि ते तुझ्या लक्षातच आलेलं नाही. ते म्हणजे शांती. दर रविवारी उदबत्ती लावतोस आणि आतून बघत बसतोस, आली का, आता आली का, अजून का नाही आली. बोल्टवरही तेच केलंस आणि मनावरही तेच, गळेल या भीतीने आवळत गेलास. "मा फलेषु कदाचन" मध्ये 'शांती सोडून बाकीची फळं' असं कुठं म्हटलेलं नाहीये.

आणि शांत वाटणं ही मेंटेनन्सची परीक्षाच नाहीये मुळात. गाडीला काय कळतं तू शांत होतास का वैतागलेला. तिला वॉशर नवा आहे का आणि चेनला वंगण आहे का एवढंच कळतं. मला तर वाटतं हेच या कामाचं खरं मोल आहे, की समोरची वस्तू तुझ्या मूडला विचारत नाही. ध्यानाला बसलास तर तास झाल्यावर तू स्वतःलाच सर्टिफिकेट देऊ शकतोस की आज छान लागलं. ब्रेक लावला आणि गाडी थांबली नाही तर असलं सर्टिफिकेट चालत नाही.

आता रागाचं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाच्या श्लोकांमध्ये ती साखळी आहे बघ, तुमच्या वर्गात झालीच असेल, विषयाचं चिंतन, त्यातून संग म्हणजे आसक्ती, संगातून काम म्हणजे वासना, कामातून क्रोध, आणि पुढे "क्रोधाद्भवति संमोहः संमोहात्स्मृतिविभ्रमः". रागातून गोंधळ, गोंधळातून स्मृती जाते, आणि स्मृती गेली की बुद्धी गेली. लहानपणी मला हे फार मोठ्या माणसांचं, राजेमहाराजांचं वगैरे वाटायचं. मग कॉलेजला लुना मिळाली. टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून घालायचं, पंपावरचा मुलगा हात सैल सोडून ऑईल घालायचा आणि चार दिवसांत प्लग काळाकुट्ट. पर्समध्ये कंगव्याशेजारी प्लग पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचा माझ्या. एकदा भर उन्हात, परीक्षेला उशीर, प्लग निघेना, मी चिडून पूर्ण जोर लावला आणि मग लक्षात आलं की मी तो काढत नव्हते, आवळत होते. कुठल्या बाजूला फिरवलं की सुटतं हे मला पाठ होतं, शंभर वेळा केलेलं, पण रागात तेवढंच नेमकं विसरले. स्मृतिविभ्रम! त्या दिवसापासून तो श्लोक माझ्यासाठी गॅरेजातला श्लोक आहे. नटाचे कोपरे गोल होतात, स्क्रूचं डोकं मरतं, नको तो वायर तुटतो, ते सगळं याच क्रमाने होतं आणि दोन मिनिटांत होतं.

त्यामुळे तुझ्यासाठी पहिला नियम, राग न येऊ देणं हा नाही (तो आपल्या हातात नसतो), राग आला की हातातला पाना खाली ठेवणं हा. गच्च बसलेला बोल्ट असेल तर त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारायचा आणि सरळ घरात जायचं, त्या दिवसापुरतं काम बंद. रात्रभर ते तेल आट्यांत उतरतं, सकाळी बोल्ट शहाण्यासारखा निघतो. तप तप म्हणतात ते रविवारच्या सगळ्या तासांपेक्षा त्या रात्रभराच्या थांबण्यात जास्त आहे असं माझं मत. पण मग रविवारी गाडी बंद राहणार, सोमवारी रिक्षाने जावं लागणार. जावं. दुसऱ्या दिवशी गाडी लागणार असेल तर आदल्या संध्याकाळी इंजिनला हात लावू नये हे मेकॅनिक लोक पण सांगतात.

दुसरी गोष्ट, तू लिहिलंयस "माझी तंद्री लागत नाही". नको लागू दे. गोरा कुंभाराची कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय, माती तुडवताना विठ्ठलाच्या नामात असे रंगले की रांगत आलेलं मूल पायाखाली आलं ते कळलं नाही. कथेत पुढे विठ्ठलकृपेने ते मूल परत मिळतं. पण मी आई झाल्यावर ही कथा जेव्हा जेव्हा ऐकली तेव्हा माझं लक्ष त्या मुलाकडेच गेलंय. तंद्री लागणं आणि लक्ष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यंत्राजवळ बसलेल्या माणसाला दुसरी लागते. गाडी मेन स्टँडवर लावून, इंजिन चालू करून, गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनला फडकं लावणारे लोक मी बघितलेत, कामात अगदी रंगलेले असतात. फडकं चेनबरोबर स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात जातं आणि फडक्यामागे बोटं. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं, याला पर्याय नाही. तसंच बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून ट्यूनिंग करत बसायचं नाही, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. आणि जुन्या गाडीचा ब्रेकड्रम उघडला की ती काळी पूड फुंकर मारून उडवायची सवय असते सगळ्यांना, ती सोड, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसाला घातक, ओल्या फडक्याने पूस आणि ते फडकं फेकून दे. तुझी मुलगी आजूबाजूला असणार आहे म्हणून हे जास्तच जोर देऊन सांगते.

आता बाबा.

तुझ्या पत्रात बाबांचं ते वाक्य तीन वेळा आलंय, तुला मोजायला वेळ मिळाला नसेल, मी मोजलं. तुला ते टोमणा वाटतं. मला वाटतं त्या माणसाच्या बाजूने एकदा बघायला हवं. २९ वर्षं एसटीच्या डेपोत, रात्रपाळ्या, बसखाली आडवं पडून, पावसाळ्यात चिखलाने भरलेल्या गाड्या, आणि घरी येऊन केरोसिनने हात धुतले तरी नखांतलं काळं जात नाही. हे सगळं एका हिशोबाने केलं, की पोराला हे करायला लागू नये. आणि पोरगा मोठा होऊन, चांगला पगार घेऊन, त्याच कामाला बसतो, उदबत्ती लावून, आणि म्हणतो ही माझी साधना. त्यांनी पोटासाठी केलं ते नुसतं काम होतं, तू हौसेने केलंस ती साधना, असं त्यांना ऐकू येत असेल. तू असं म्हणाला नाहीस हे मला माहीत आहे. पण ऐकू तसंच येतं.

आपल्याकडे हा एक घोळ आहेच. सुशिक्षित घरांमध्ये दोन पिढ्या हाताचं काम टाळण्यात गेल्या आणि आता तेच काम आपल्याला मनःशांतीसाठी परत हवंय, मातीकाम, सुतारकाम, आता मोटरसायकल. वाईट काही नाही त्यात. फक्त कर्म हीच पूजा हे वाक्य कोण कुणाला सांगतंय ते बघावं. सावता माळी अरणच्या मळ्यात राबत होते आणि त्या मळ्यातच त्यांना विठ्ठल दिसला, ते त्यांनी स्वतः म्हणायचं. चोखोबांच्या वाट्याला जे काम जन्माने लादलं होतं त्याला दुसऱ्या कुणीतरी बाहेरून पूजा म्हणायचा अधिकार नाही. आणि डेपोतल्या रात्रपाळीलाही तुझ्याकडून एकदम साधना असं नाव नको. बाबांना चालेल का ते त्यांनाच विचार, आणि ते "कसली साधना, पोट होतं" म्हणाले तर तेच बरोबर.

पण एक सांगते. पतंजलींच्या योगसूत्रात अभ्यास पक्का कधी होतो ते एका सूत्रात दिलंय, "स तु दीर्घकालनैरन्तर्यसत्कारासेवितो दृढभूमिः". दीर्घकाळ, खंड न पडता, आणि सत्काराने म्हणजे आदराने, मनापासून केलेला. तीन अटी. तुझे चार महिने, त्यात गणपतीचे दोन रविवार आणि रिलीजचे तीन रविवार गेले, तूच लिहिलंयस. आणि घरातल्या दुसऱ्या खोलीत २९ वर्षं बसलीयत. सत्काराचं म्हणशील तर तूच एका ठिकाणी सहज लिहून गेलायस की बाबा ड्युटी संपली की पाने पुसून, नंबराप्रमाणे लावून मगच डबा उघडायचे आणि आई त्यावरून चिडायची. म्हणजे तू गुरू शोधत ऑनलाईन वर्गाला गेलास!

तर करायचं काय. बाबांकडे "मला शिकवा" म्हणून जाऊ नकोस, ते नाही म्हणतील, त्यांच्या दृष्टीने ते म्हणजे हरणं झालं. त्यांना एक आवाज ऐकायला बोलव. गाडी चालू कर, बाहेर मोकळ्यावर, आणि विचार, "बाबा, हा टक टक आवाज टॅपेटचा का दुसरा कसला?" जुना मेकॅनिक असल्या प्रश्नाला नाही म्हणू शकत नाही. बहुतेक ते एक लांब स्क्रू ड्रायव्हर मागतील, त्याचं टोक इंजिनला लावतील आणि मूठ कानाला. डॉक्टरच्या नळीसारखं काम करतं ते. टॅपेट म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, त्याचा बारीक आवाज येत असेल तर ते एवढं मनावर घेणार नाहीत, तो अगदी गप्प झाला तर जास्त काळजी करायची असते, कारण मग गॅप राहिलेली नाही आणि व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीये. हे मला एका मेकॅनिकनेच सांगितलं होतं. ते काय सांगतात ते ऐक, मध्ये व्हिडिओ दाखवू नकोस.

तुझ्या वर्गात 'योगः कर्मसु कौशलम्' वर खूप बोलले असतील, त्याच्या दोनच श्लोक आधी समत्वालाच योग म्हटलंय ते बहुतेक लोक सोडून देतात. मला स्वतःला मात्र या विषयावर श्लोकांपेक्षा एक प्रसंग जास्त जवळचा वाटतो, द्रोणपर्वातला. युद्धाचा चौदावा दिवस, अभिमन्यू आदल्या दिवशी गेलेला, अर्जुनाने सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारायची प्रतिज्ञा केलेली, एकेक क्षण मोलाचा. आणि मध्येच घोडे थकतात, अंगात बाण रुतलेले, पाणी नाही. कृष्ण काय करतो, भर रणांगणात रथ थांबवून घोडे सोडतो. अर्जुन खाली उतरून सगळ्यांना थोपवून धरतो, बाणाने जमिनीतून पाणी काढून देतो, आणि कृष्ण घोड्यांच्या अंगातले बाण उपसतो, त्यांना स्वतःच्या हाताने चोळतो, पाणी पाजतो, आणि ते ताजेतवाने झाल्यावर परत जुंपतो. ज्याने गीता सांगितली त्याने मेंटेनन्सही केला, आणि घाईच्या दिवशी केला. तिथं कृष्ण हसतमुख आणि अव्यग्र होता असंही व्यासांनी लिहिलंय. पण तो ते शांत वाटावं म्हणून करत नव्हता, घोड्यांसाठी करत होता.

आपण काय करतो, खंडेनवमीला हत्यारं पूजतो, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, आणि बाकी वर्षभर चेन कोरडी. स्प्लेंडरला तर पूर्ण चेनकव्हर, चेन दिसतच नाही, त्यामुळे ती आठवतही नाही. हिरो होंडाची ती जुनी जाहिरात आठवते का, फिल इट, शट इट, फरगेट इट. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. गाडीच एवढी चिवट होती की विसरलं तरी चालायची, आणि त्यातून आपल्याला विसरायची सवय लागली ती लागलीच.

म्हणून तुझं रविवारचं पाच तासांचं प्रकरण मोड असं मी म्हणेन. पाच तास ही साधना कमी आणि घरातून सुटका जास्त होतेय का हे एकदा प्रामाणिकपणे बघ. बायको गाडीवर चिडलीय असं तुला वाटतंय, मला वाटतं ती रविवारवर चिडलीय, आठवड्यातला एक दिवस नवरा घरात असतो आणि तो पार्किंगमध्ये असतो, फोन बंद करून. त्याऐवजी रोज सकाळी निघायच्या आधी दोन मिनिटं. टायर दाबून बघ, दोन्ही ब्रेक लावून बघ, लाईट आणि ब्रेकलाईट, गाडीखाली डाग आहे का, क्लच वायरचे तार सुटलेत का. बस. खंड न पडता रोज, पाऊस असला तरी, मूड नसला तरी. आठवड्यातून एकदा हवा पंपावर गेजने मोजून भर, गार टायरला, आणि मागे डबलसीट असेल तर आकडा वेगळा असतो तो मॅन्युअलमधून बघून घे. पंधरवड्याने अर्धा तास चेनसाठी दे, कव्हरवरचं ते रबरी बूच काढलं की चेन दिसते, बोटाने वरखाली करून बघ, साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ हवा, चाक फिरवत चार ठिकाणी बघ कारण चेन सगळीकडे सारखी सैल नसते, जिथं सगळ्यात घट्ट असेल तिथला आकडा धरायचा. ऑईलची पातळी बघताना गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी, इंजिन चालवून बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून, आणि काडी पुसून नुसती आत टेकवायची, आटे फिरवून बसवायची नाही, नाहीतर पातळी चुकीची दिसते. बदललेलं जुनं ऑईल डब्यात भरून गॅरेजला दे, ते पुढे भंगारवाल्याकडे जातं, सोसायटीच्या गटारात किंवा झाडाच्या मुळात नको, शौच आणि अहिंसा दोन्ही वर्गात शिकलायस म्हणून एकदाच म्हणते.

एक वही घाल. तारीख, किलोमीटर, काय केलं, काय आवाज आला. पतंजलींच्या नियमांमध्ये स्वाध्याय आहे तो तू ग्रंथ वाचण्यापुरता धरतोयस, या वहीला पण धर. सहा महिन्यांनी मागची पानं चाळलीस की कळेल तुझा राग कुठल्या दिवशी येतो, मला पैज लावायची तर संध्याकाळी उरकायचं असतं त्या दिवशी येतो.

बाकीचं, म्हणजे टॅपेट, क्लचप्लेट, कार्बोरेटर पूर्ण उघडणं, ब्रेकशू बदलणं, हे अजून वर्षभर तरी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे दे आणि शेजारी उभा राहून बघ. त्याला देणं म्हणजे साधनेत हरणं असं तू लिहिलंयस, ते मला अजिबात पटलेलं नाही. अर्जुनसुद्धा घोडे स्वतः धूत नव्हता ना. ज्याचं काम त्याला द्यावं, पैसे घासाघीस न करता द्यावेत, आणि नवीन हत्यार घ्यायच्या आधी घरातल्या हत्याराने काय काय होतं ते संपवावं. अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त न साठवणं, फक्त संन्याशांसाठी नाहीये, ऑनलाईन कार्टसाठी पण आहे.

विकायचं का, तर हिशोब साधा आहे. गाडी १९९९ची, म्हणजे पंधरा वर्षं उलटून गेल्यापासून दर पाच वर्षांनी आरटीओत रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण, पीयूसी दर सहा महिन्यांनी, इन्शुरन्स वेगळा. हे सगळं चालू आहे का ते आधी बघ, नसेल तर पाने फिरवण्याआधी ते कर, कागद हा पण मेंटेनन्सच. आणि गाडी आठवड्यातून तीन-चारदा रस्त्यावर जात असेल तर ठेव. नुसती पार्किंगमध्ये पूजेला ठेवायची असेल तर खरंच विक, कारण उभ्या गाडीत पेट्रोल शिळं होतं, कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो, टायर एकाच जागी दबतो, बॅटरी मरते. बायकोला स्कूटर हवी असेल तर तीही घ्या, जमत असेल तर, दोन्हींचं काही वैर नाही. इलेक्ट्रिकला ऑईल नाही, प्लग नाही, टॅपेट नाही, पण टायर आणि ब्रेक आहेत, तुझी दोन मिनिटं तिथंही लागतील.

मुलीला सॉरी म्हण, मोठ्या माणसाला म्हणतो तसं, "बोल्ट मी बिघडवला आणि ओरडलो तुझ्यावर, ते चुकलं." मग तिला टॉर्च धरायला दे. पाच वर्षांच्या मुलाला टॉर्च धरायला दिली की तो प्रकाश भिंतीवर, मांजरावर, तुझ्या डोळ्यांत, सगळीकडे जातो फक्त बोल्टवर जात नाही. तेव्हा चिडला नाहीस तर मला परत पत्र लिही.

आटे गेलेत ते गॅरेजवाल्याने नवीन इन्सर्ट, म्हणजे आट्यांची नवी नळी, टाकून बसवून दिलेत असं लिहिलंयस. तरी आज रात्री गाडीखाली एक पुठ्ठा टाक, पांढरा असेल तर बरं. सकाळी डाग दिसला तर बोल्टला हात लावू नकोस, बाबांना खाली बोलव.